अविश्वासाची मुळे : आदिलाबादच्या डोंगरांतील एक कथा

माणूस दुसऱ्या माणसावर विश्वास कशाच्या बळावर ठेवतो, हा प्रश्न फार जुना आहे. आपण रोज शेकडो लहानमोठ्या विश्वासांवर जगत असतो. गवळ्याच्या मापावर, शेजाऱ्याच्या शब्दावर, आगगाडीच्या वेळापत्रकावर, इतकेच काय, उद्या सकाळी आपले घर आपलेच असेल या गृहीतावर. दात दुखू लागेपर्यंत तोंडात दात आहेत याची आठवण होत नाही. त्याचप्रमाणे विश्वास मोडेपर्यंत तो होता हे ध्यानात येत नाही. मानसशास्त्राच्या ग्रंथांतून या विषयाचा पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. परंतु त्याचा एक मोठा धडा प्रयोगशाळेच्या चार भिंतींत नव्हे, तर महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबादच्या डोंगराळ मुलुखात गिरवला गेला, आणि तो मराठी वाचकांच्या फारसा परिचयाचा नाही.

उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी आणि मध्ये सागाच्या रानांनी झाकलेले डोंगर, असा हा प्रदेश. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात व मागाहून हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ मध्ये या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरील रेघा अशा वारंवार हलल्या, तरी बाजारात मराठी ऐकू येते ती येतेच. डोंगरात मात्र गोंड, कोलाम, परधान, तोटी अशा जमाती राहतात. त्यांपैकी गोंडांची ही कथा.

आदिवासी भित्रा असतो, संशयी असतो, मनातले बोलत नाही, अशी वाक्ये जुन्या सरकारी कागदांतून हटकून आढळतात. लिहिणाऱ्यास वाटे की आपण एका जमातीचा स्वभाव टिपून ठेवीत आहोत. वस्तुतः तो स्वभाव नव्हता. ती आठवण होती.

गोंडाची जमीन त्याच्या बापाने रान तोडून वाहितीस आणलेली असे. ती त्याची आहे हे गावच्या पटलाला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, कुळाच्या देवाला ठाऊक. याहून निराळा पुरावा असावा लागतो, ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवलेली नव्हती. आणि नेमका तोच पुरावा नव्या राज्यकारभाराने मागितला. जमीन ज्याच्या नावाने कागदावर चढली त्याची झाली. मैदानी मुलुखांतून, मराठी तसेच तेलुगू बाजूंनी, कागद वाचता येणारे लोक वर आले, त्यांनी पट्टे आपल्या नावावर करून घेतले, आणि पिढ्यान् पिढ्या नांगर धरणारा गोंड आपल्याच शेतात कूळ झाला. (हे कागद वाचणारे पुष्कळदा आपलेच मराठी बांधव होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.) दुसऱ्या बाजूने जंगलखाते आले. राखीव रानाची हद्द आखली गेली, त्या आखणीत वाड्यावस्त्या आणि पडीक टाकलेली शेते सापडली. पडीक जमीन म्हणजे टाकून दिलेली नव्हे, ती विसावा घेणारी जमीन आहे, हे आखणी करणाऱ्याच्या गावीही नव्हते. वस्त्या उठवण्यात आल्या. काही ठिकाणी झोपड्यांना आगी लावण्यात आल्या.

रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह याने कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्नाबरोबर एक ठराविक आवाज वारंवार ऐकवला की पुढे केवळ त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते. भीतीचेही तसेच आहे, आणि भीतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मूळ आवाजाशी मिळतेजुळते आवाजही तोच परिणाम घडवू लागतात. मराठीत हे सांगावयास प्रयोगशाळा लागली नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, एवढ्या एका म्हणीत ते सामावलेले आहे. जंगलखात्याचा शिपाई, तलाठी, सावकाराचा कारकून, सर्वेक्षणाची साखळी घेऊन आलेला मोजणीदार, या सर्वांना गोंडाच्या मनाने एकाच दावणीला बांधले, यात त्याची बुद्धी कमी पडली असे नाही. अनुभवाने जे शिकवले ते तो नीट शिकला होता.

अशा वातावरणात कुमरम भीम या गोंड तरुणाची कथा घडली. आसिफाबादच्या डोंगरात वसवलेल्या वस्तीत आपल्याला सुखाने शेती करू द्यावी, एवढेच भीम व त्याचे सोबती मागत होते. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, हेलपाटे झाले. दाद लागली नाही. अखेर त्यांनी हत्यारे उचलली, आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे काही साथीदार ठार झाले. आज त्या नावाने एक संपूर्ण जिल्हा ओळखला जातो. त्या वेळी मात्र सरकारच्या दृष्टीने तो एक बंदोबस्ताचा प्रश्न होता, आणि तो मिटला होता. परंतु निजामाच्या दरबारातील काही जाणत्या अधिकाऱ्यांना असे वाटले की बंड मोडले तरी बंडाचे कारण शोधावे. हा शोध ज्याच्याकडे आला, तो माणूस मोठा विलक्षण होता.

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ याचा जन्म १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. मनाचा तळ शोधण्याचे शास्त्र ज्या शहरात फ्रॉइडने उभारले, तेच हे शहर. हायमेंडॉर्फने मात्र रुग्णाच्या कोचाजवळ बसण्याऐवजी माणसाच्या दारात जाऊन बसण्याचा मार्ग पत्करला, म्हणजे तो मानववंशशास्त्राकडे वळला. १९३६-३७ मध्ये त्याने ईशान्येकडील कोन्याक नागांमध्ये मुक्काम केला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो पुन्हा हिंदुस्थानात होता, आणि ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यामुळे त्याच्या खिशात जर्मन पारपत्र होते. इंग्रज सरकारच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली, हद्दीबाहेर जाण्याची नाही. म्हणजे एका कागदामुळे ज्याचे स्वातंत्र्य गेले, असाच माणूस कागदामुळे जमिनी गमावलेल्या लोकांकडे पाठवला गेला! इतिहासाला विनोदबुद्धी असते असे कोणी म्हटले तर ते खोटे मानू नये.

प्रथम चेंचू, नंतर कोया व कोंडारेड्डी यांच्या मुलुखात काम करून तो आदिलाबादेस आला, आणि मारलवाई या गोंड खेड्यात त्याने मुक्काम ठोकला. बरोबर त्याची पत्नी एलिझाबेथ होती. तिचे घरगुती नाव बेटी. ते आपल्याकडच्या कानांना किती ओळखीचे वाटले असेल! चौकशीसाठी येणारा अधिकारी चावडीवर खुर्ची टाकून बसतो, प्रश्न विचारतो आणि संध्याकाळी घोड्यावर बसून निघून जातो. हे दोघे निघून गेले नाहीत. गवताने शाकारलेल्या घरात राहिले, गोंडी शिकले, लग्नांना गेले, मयतांना गेले. दुभाष्याच्या तोंडून ऐकलेली तक्रार आणि आपल्या भाषेत आपल्याच ओसरीवर सांगितलेली तक्रार यांत केवढे अंतर असते, हे ज्याने कोर्टकचेरीची पायरी चढली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

या सहवासात त्यांना जे दिसले ते सरकारी अहवालांतील संशयी गोंडाहून अगदी निराळे होते. आपसात हा समाज विश्वासाच्या धाग्यांनी घट्ट विणलेला होता. सर्व गोंड कुळे चार मोठ्या गटांत विभागलेली, चार भावांचे, पाच भावांचे, सहा भावांचे आणि सात भावांचे. या गटास गोंडीत ‘सगा’ म्हणतात. हा शब्द मराठी कानाला आपलाच वाटावा असा आहे. आपल्या सगात सारे भाऊबहीण, त्यामुळे सोयरीक करावयाची ती दुसऱ्या सगात. परक्या गावी गेलेला गोंड आपले कूळ सांगतो, आणि त्या एका नावाने कोणाशी थट्टा करावयाची, कोणापुढे खाली पाहावयाचे, कोणाच्या घरी हक्काने जेवावयाचे, हे सारे ठरून जाते. प्रत्येक कुळाचा परधान निराळा. हा परधान घरी मराठी बोलणारा, हातात किंगरी घेऊन गोंड यजमानाच्या कुळाची जन्मकथा गोंडीत गाणारा. गोंडाचा इतिहास त्याच्या परधानाच्या कंठात असतो. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी आणि दंडारीचे नाचे गावोगाव पाहुणे म्हणून जातात, आणि यजमान गाव साऱ्या मेळ्याला जेवू घालते. पुढच्या वर्षी त्याची परतफेड होते.

एका गोष्टीचा उलगडा करताना हायमेंडॉर्फला विशेष विचार करावा लागला. १९६७ मध्ये निघालेल्या ‘मॉरल्स अँड मेरिट’ या ग्रंथात त्याने दक्षिण आशियातील निरनिराळ्या समाजांच्या नीतिकल्पनांची तुलना केली आहे. गोंडांमध्ये मेल्यानंतर पापाची शिक्षा अथवा पुण्याचे बक्षीस मिळते अशी दृढ कल्पना नाही. योग्य विधी झाले की मृताचा अंश कुळाच्या थोर देवाशी, म्हणजे पेरसा पेनशी, जाऊन मिळतो. जिवंतपणी त्याचे वर्तन कसे होते याचा हिशेब तेथे मागितला जात नाही. नरकाच्या भयावर आणि कबुलीजबाबाच्या सवयीवर वाढलेल्या ख्रिस्ती मनाला, तसेच कर्मविपाकावर पोसलेल्या हिंदू मनालाही, हे ऐकून प्रथम धक्काच बसतो. मग हे लोक शब्द का पाळतात? चोरी का करीत नाहीत? त्याचे उत्तर पंचांच्या बैठकीत सापडते. भांडण झाले की सारे गाव जमते, दोन्ही बाजू पोटभर बोलतात, दंड होतो आणि तो दंड अनेकदा साऱ्यांच्या जेवणात खर्च होतो. ज्याला दंड झाला तोही त्याच पंगतीत जेवावयास बसतो. शिक्षेचा शेवट सहभोजनात व्हावा, ही मनाची जाण मोठमोठ्या न्यायशास्त्र्यांना साधलेली नाही. याचा अर्थ ही माणसे देवदूत होती असा नव्हे. त्यांच्यात मारामाऱ्या होत, बायका पळवल्या जात, करणीचे संशय घेतले जात. पण भांडणानंतर परत येण्याची वाट ठेवलेली असे.

म्हणजे विश्वास ठेवण्याची शक्ती शाबूत होती. ती फक्त डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबत होती. तेव्हा प्रश्न असा की राज्यकर्त्याविषयी नाहीसा झालेला विश्वास पुन्हा कसा निर्माण व्हावा?

येथे आधुनिक मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध संशोधनाचा उल्लेख करणे उचित होईल. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी दाखवले की ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळण्याचा कोणताही उपाय नसतो, ती पुढे उपाय समोर असतानाही हालचाल करीत नाहीत, पडून राहतात. प्राणी असहायता शिकतो, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. परंतु सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे आपला अर्थ उलटा केला. दीर्घ संकटात पडून राहणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे आपल्या कृतीने काही घडते ही जाणीव. हे विधान वाचून मग मारलवाईत काय झाले ते पाहिले म्हणजे त्याचा अर्थ अधिक उघड होतो. गोंडांना उपदेशाची गरज नव्हती. आपण अर्ज केला आणि त्याचे उत्तर आले, असा अनुभव त्यांना एकदा, मग दुसऱ्यांदा, मग दहाव्यांदा येणे आवश्यक होते.

हे काम दोन वाटांनी झाले. पहिली जमिनीची. सरकारने विशेष अधिकारी नेमले आणि गोंड-कोलामांना त्यांच्या वाहितीच्या जमिनींचे पट्टे देण्यास आरंभ केला. १९४९ पर्यंत दीड लाख एकरांच्या आसपास जमीन अशी त्यांच्या नावे झाली. ज्या कागदाने घात केला होता, तोच कागद आता घरात आला. या कामी ज्या अधिकाऱ्यांची नावे घेतली पाहिजेत त्यांत एक नाव मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून सेतुमाधवराव पगडी सर्वांस ठाऊक आहेत. पण हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांमध्ये वावरले, गोंडी बोलू लागले, गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, हे तितके ठाऊक नसते. दुसऱ्याच्या भाषेचे व्याकरण लिहावयाचे तर आधी ती बोलणाऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते. अधिकाऱ्याने आपले बोलणे ऐकून घ्यावे, तेही लिहून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा विचारून, याचा त्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना सहज करता येते.

दुसरी वाट शाळेची, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. त्या काळी संस्थानचा कारभार उर्दूत चाले. डोंगरातील मुलाला शाळेत घातले तर पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर सर्वस्वी परकी भाषा पडावयाची. ज्यांनी लहान मुले शिकवली आहेत ते जाणतात की मूल अशा वेळी गोंधळत नाही, ते लाजते. आपल्या आईची भाषा येथे चालत नाही, याचा अर्थ आपली आई येथे चालत नाही, असा ते लावते. आणि ही लाज एकदा मनात शिरली की पाढे, कित्ता, कविता यांपैकी काहीही आत शिरू शकत नाही. मारलवाईत मुलांच्या हाती जी पहिली पुस्तके पडली ती गोंडी भाषेत होती आणि देवनागरी लिपीत छापलेली होती. त्यांत त्यांच्याच दंतकथा होत्या. परधानाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट पाटीवर उमटते हे पाहून त्या मुलांना काय वाटले असेल! शिवाय शिक्षकही गोंडच. जो बाक पुढे करील, छडी उगारील किंवा पाठ थोपटील, तो कोणाचा तरी मामा वा काका असावयाचा. (मराठीच्या अभिमान्यांनी एवढे लक्षात ठेवावे की देवनागरीचा हा एक निःस्वार्थ उपयोग होता.) पुढे या मुलुखाची राज्यभाषा बदलली, शाळांची भाषा तेलुगू झाली, आणि गोंडी पुस्तकांचा तो प्रयोग मागे पडला. मात्र याच भागातील गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडली, आणि २०१८ मध्ये त्या लिपीला संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले.

विश्वासाला एक ठिकाण लागते, तेही त्या वेळी शोधले गेले. केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी आणण्यासाठी मैलोन् मैल पायी जातात व त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. या जत्रेत एक सुंदर विधी आहे. त्या कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पांढरी वस्त्रे लेवून, चेहरा झाकून देवासमोर येतात, आणि वडीलधारी मंडळी त्यांची देवाशी भेट करून देतात. याला भेटिंग म्हणतात. ती होईपर्यंत सुनेला कुळाच्या पूजेत स्थान नाही. झाल्यावर ती पूर्णपणे त्या कुळाची. गोव्या-वसईकडील ख्रिस्ती वाचकाला त्या शुभ्र वस्त्रांवरून आपल्याकडील नवरी आठवेल. परक्या घरात आलेल्या मुलीच्या मनातील धाकधूक साऱ्या जगात एकच; तिच्यावर गोंडांनी काढलेला तोडगा हा की तिला कोणी ओळखत नाही असे देवालाही म्हणता येऊ नये.

याच जत्रेत हायमेंडॉर्फच्या प्रेरणेने दरबार भरू लागला. डोंगरातील माणसाने कचेरीत जाण्याऐवजी अधिकाऱ्यांनी देवाच्या दारी यावे, बसावे आणि गाऱ्हाणी ऐकावी. प्रथा साधी, पण मनाच्या दृष्टीने तिच्यात उलथापालथ होती. कचेरीत गोंड परका असतो. केसलापुरात अधिकारी परका असतो. हा दरबार आजही भरतो.

कथा येथे थांबली असती तर ऐकावयास गोड वाटली असती. पुढील काळात रस्ते झाले, डोंगर मोकळे झाले, कापसाच्या काळ्या जमिनींवर बाहेरच्यांची नजर गेली. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ मध्ये आंध्र प्रदेशात नियम झाला, १९७० मध्ये तो अधिक कडक झाला. पण कागदावरचा नियम आणि बांधावरची वहिवाट यांची गाठ क्वचितच पडली. १९७० नंतरच्या दशकात हायमेंडॉर्फ पुन्हा येऊन राहिला, तेव्हा मिळालेल्या जमिनींपैकी किती हातच्या गेल्या हे त्याला पाहावे लागले. ते सारे त्याने १९८२ च्या आपल्या ग्रंथात नोंदले. त्याच्या आदल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, इंद्रवेली येथे जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. आकड्यांविषयीचा हा वादही अविश्वासाचेच एक रूप आहे. जोडेघाटपासून इंद्रवेलीपर्यंत एक्केचाळीस वर्षे झाली होती. ज्याने लहानपणी भीमाचे नाव ऐकले, त्याने म्हातारपणी इंद्रवेली पाहिली. मध्यंतरीच्या पट्ट्यांनी व पुस्तकांनी जे कमावले होते ते एका दुपारी किती गमावले, हे मोजण्याचे माप कोणत्याही शास्त्रापाशी नाही. एवढे मात्र शास्त्र सांगते की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नव्या अनुभवाचा थर बसतो, आणि थर फाटला की खालची भीती जशीच्या तशी वर येते. पावलोव्हलाही हे दिसले होते.

३० जून २०२३ रोजी आसिफाबाद येथे तेलंगण सरकारने वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींना पट्टे वाटण्याचा आरंभ केला. राज्यभरात सुमारे दीड लाख लोकांना चार लाख एकरांचे पट्टे द्यावयाचे, असा तो कार्यक्रम होता. जोडेघाट तेथून दूर नाही.

बेटी हायमेंडॉर्फ १९८७ च्या जानेवारीत हैदराबाद येथे निवर्तली. तिला मारलवाईस आणून गोंडांच्या रीतीने पुरण्यात आले. हायमेंडॉर्फ १९९५ मध्ये लंडन येथे वारला. त्याच्या अस्थी २०१२ मध्ये मारलवाईस आणल्या गेल्या आणि पत्नीच्या समाधीशेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी ११ जानेवारीस गावकरी तेथे जमतात.